फाइल नेमकी आहे कुठे?

बाईंचा फोन दुपारी दोन वाजता आला, तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. एरवी ही त्यांची झोपायची वेळ. "अरे, माझी स्मरणिका गेली," एवढंच म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

बाई आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. ३५ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा संपादनाचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. मुलाने नवा लॅपटॉप आणून दिला, मराठी टायपिंग सुरू करून दिलं आणि तो परत बंगळुरूला गेला. दीड महिना बाई रोज सकाळी आठवणी, जुन्या हेडमास्तरांवरचे लेख, माजी विद्यार्थ्यांची पत्रं टाइप करत होत्या. मजकूर पुरा झाल्यावर नवा पेन ड्राइव्ह आणला, स्क्रीनवरचं 'स्मरणिका' नावाचं चित्र ओढून त्यात टाकलं आणि रिक्षाने डीटीपीवाल्याकडे गेल्या. त्याने पेन ड्राइव्ह लावला, दोनदा क्लिक केलं आणि म्हणाला, "बाई, ह्यात काहीच नाहीये. दोन केबीची फाइल आहे."

गेलं काहीच नव्हतं. स्मरणिका सुखरूप होती. बाईंनी नेला होता तो तिचा शॉर्टकट, मुलाने जाताना आईच्या सोयीसाठी डेस्कटॉपवर करून ठेवलेला. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे. 'फाइल अमुक कपाटात, तमुक खणात आहे' असं लिहिलेली ती चिठ्ठी. घरात आहे तोवर चिठ्ठी उपयोगाची. घराबाहेर नेली की तिच्यातला पत्ता कुणाच्याच कामाचा नाही. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली बाणाची बारीक खूण असते, तीच काय ती ओळख. पण चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाला ती दिसावी अशी अपेक्षा ज्यांनी ठेवली, त्यांच्या घरी म्हातारी माणसं नसावीत.

गेली बरीच वर्षं मी नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे नवे संगणक लावून देण्याचं बिनपगारी काम करतोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय. सेव्ह कसं करायचं हे सगळ्यांना येतं. केलेलं सेव्ह कुठे गेलं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. आणि नवे संगणक हा 'कुठे' दाखवण्याऐवजी झाकण्याकडेच जास्त झुकलेले आहेत.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण साठवण हातात धरता यायची. सेव्हचं चिन्ह म्हणून आपण ज्या चौकोनी चित्रावर क्लिक करतो ती साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्यात १.४४ एमबी मावायचं, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला एक धड फोटोसुद्धा नाही. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधली तिची विक्री थांबवली, चिन्ह मात्र मागे राहिलं. संगणकातल्या हार्ड डिस्कला 'सी' म्हणतात तेही फ्लॉपीमुळेच. ए आणि बी ही अक्षरं दोन फ्लॉपींसाठी राखलेली असत, हार्ड डिस्क नंतर आली आणि तिला तिसरं अक्षर मिळालं. ए-बी दोघी गेल्या, सी अजून सीच आहे. लॅपटॉपला लावलेल्या पेन ड्राइव्हला डी, ई, एफ असं पुढचं मोकळं अक्षर मिळतं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे पटावरून नाव कमी केलं तरी हजेरी क्रमांक तसेच ठेवलेत म्हणायचे."

पेन ड्राइव्ह बाजारात आला २००० साली. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा 'थंबड्राइव्ह' आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने बनवलेला, आयबीएमच्या नावाने विकला गेलेला 'डिस्क ऑन की' हे दोन्ही त्याच वर्षीचे. पहिला मान कुणाचा यावर भांडणं झाली. आयबीएमच्या त्या पेन ड्राइव्हमध्ये ८ एमबी मावत. साडेपाच फ्लॉपींचा ऐवज करंगळीएवढ्या वस्तूत मावतो याचं तेव्हा अप्रूप होतं. तो ज्या खाचेत बसतो ती यूएसबीची खाच आली १९९६ मध्ये. इंटेलमध्ये ते काम पुढे नेणारे अजय भट्ट वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पेन ड्राइव्ह पहिल्या झटक्यात कधीच सरळ बसत नाही, याचं उत्तरही त्यांनी एका मुलाखतीत देऊन टाकलं आहे: दोन्ही बाजूंनी बसणारी जोडणी केली असती तर तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते, खर्चही दुप्पट झाला असता. ती चैन पुढे टाइप-सीने केली. त्यामुळे आता उलटीच अडचण येते. नव्या पातळ लॅपटॉपला कधीकधी फक्त टाइप-सीच्याच खाचा असतात आणि जुना पेन ड्राइव्ह हातात घेऊन माणूस लॅपटॉपच्या चारी बाजू चाचपत बसतो. बारीकसा ओटीजी अ‍ॅडॅप्टर घ्यावा, किंवा दोन्ही टोकांना वेगवेगळी जोडणी असलेला पेन ड्राइव्ह. तोच मग मोबाइललाही लागतो.

आता बाईंच्या लॅपटॉपकडे वळू. खरी स्मरणिका शोधायला मी 'डॉक्युमेंट्स' उघडलं. फाइल होती, पण नावाशेजारी निळ्या ढगाचं चिन्ह होतं. हा नव्या संगणकांचा नवा खेळ. विंडोज ११ चा लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की पुष्कळदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीला, बांधले जातात. नाव 'डॉक्युमेंट्स'च दिसतं, पत्ता मात्र बदललेला असतो. हिरवी टिकली असेल तर फाइल लॅपटॉपवर आहे; निळा ढग असेल तर इथे फक्त नाव आहे, मजकूर दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर. अशी फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करायची तर आधी ती खाली उतरावी लागते, आणि नेमकं तेव्हा वायफाय गेलेलं असलं की काम अडतं. फाइलवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं की ती लॅपटॉपवर मुक्कामाला येते. वनड्राइव्ह वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला तरी मजकूर वाचतो, हा फायदा मोठा आहे. पण फुकटात मिळतात ५ जीबी, आणि ते भरल्यावर येणाऱ्या सूचना अशा काही धमकावणीच्या सुरात असतात की बाईंसारखी माणसं घाबरून पैसे भरून मोकळी होतात. हे मला पटत नाही.

फाइल लॅपटॉपवर आल्यावर ती पेन ड्राइव्हवर टाकायची. जुन्या विंडोजमध्ये उजव्या क्लिकवर 'सेंड टू' दिसायचं आणि त्यात पेन ड्राइव्हचं नाव. नव्यात ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या पडद्याआड ढकललंय. त्याच यादीत डेस्कटॉपवर शॉर्टकट करण्याचाही पर्याय असतो. घाईत बोट तिकडे पडलं की झाली एक चिठ्ठी तयार. त्यापेक्षा कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही बरं. फाइल निवडा, पहिलं दाबा, पेन ड्राइव्ह उघडा, दुसरं दाबा.

"पण तिकडे टाकल्यावर इथून जाणार नाही ना?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न मला निम्मी माणसं विचारतात आणि तो अगदी रास्त आहे, कारण उत्तर एक नाही. माऊसने ओढून नेलं तर विंडोज असा हिशेब करतं: एकाच ड्राइव्हमध्ये या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये नेलंत तर फाइल मूळ जागेवरून उठते, एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर नेलंत तर मूळ तिथेच राहते आणि दुसरीकडे प्रत होते. म्हणजे पेन ड्राइव्हवर ओढलेल्या फाइलची प्रतच होते, मूळ फाइलला धक्का नाही. 'कट' करून चिकटवलं तर मात्र ती जाते. पेन ड्राइव्हच्या बाबतीत मी कट वापरतच नाही. कॉपी करायची, तिकडची उघडून पाहायची, आणि इथली पुसायचीच असेल तर मग पुसायची.

पुसण्यातही एक गोम आहे. संगणकावरची फाइल डिलीट केली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते, पश्चात्तापाला वाव असतो. पेन ड्राइव्हवरची केली तर विंडोजमध्ये सरळ जाते. मॅकवर उलट: ती त्या पेन ड्राइव्हवरच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पडून राहते, आणि 'एवढं पुसलं तरी जागा का होत नाही' म्हणून माणूस हैराण होतो. तो पेन ड्राइव्ह लावलेला असताना कचरापेटी रिकामी केली की जागा होते.

प्रत झाली की एका फाइलच्या दोन होतात आणि खरा गोंधळ इथून पुढे सुरू होतो. पेन ड्राइव्हवरची स्मरणिका तिथेच उघडून दोन चुका दुरुस्त केल्या आणि सेव्ह केलं, तर दुरुस्ती पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत झाली. लॅपटॉपवरची जुनीच. आठवड्याने लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये नवा लेख घातला. आता दोन्ही अर्ध्या बरोबर, अर्ध्या चुकीच्या. मग एकीवर दुसरी कॉपी करताना 'रिप्लेस' की 'स्किप' असं विचारणारी खिडकी येते, माणूस सवयीने 'रिप्लेस' दाबतो आणि ताज्या फाइलवर शिळी बसते. त्याच खिडकीत दोन्हींची माहिती ताडून बघायचा पर्याय असतो. तो उघडून तारीख, वेळ आणि आकार पाहावा. मी बाईंना एक साधी शिस्त लावून दिली: काम नेहमी लॅपटॉपवरच्या फाइलवर, पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करायला. वर्डमध्ये एफ १२ दाबलं की 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी येते आणि फाइल कुठे जाणार हे तिथे वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. नावात तारीख घालायची ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशाने फाइली आपोआप क्रमाने लागतात. 'स्मरणिका अंतिम', 'स्मरणिका अंतिम नवीन', 'स्मरणिका एकदम अंतिम' ही मालिका तिथेच संपते.

पेन ड्राइव्हवर काम करू नये याला दुसरंही कारण आहे, आणि त्यासाठी त्याच्या पोटात डोकवावं लागतं. आत असते फ्लॅश मेमरी. तोशिबामध्ये काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात होते, म्हणून एका सहकाऱ्याने हे नाव सुचवलं. तिच्यातला प्रत्येक कण म्हणजे चहूबाजूंनी विद्युतरोधकाने बंद केलेली इवलीशी कोठडी. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, नसले की दुसरा. कोठडी बंद असल्यामुळे वीज गेली तरी इलेक्ट्रॉन आतच राहतात. म्हणूनच खिशात ठेवलेल्या पेन ड्राइव्हला मजकूर आठवतो. पण ही पाटी विचित्र आहे. भरलेल्या पाटीवरचं एक अक्षर बदलायचं तर ते एकटं पुसता येत नाही, मोठा चौकोनच्या चौकोन पुसावा लागतो. मग आतला छोटा नियंत्रक राहायचा मजकूर दुसऱ्या कोऱ्या चौकोनात उतरवतो आणि जुना पुसतो. वाचणं झटपट आणि लिहिणं संथ, ते यामुळे. प्रत्येक पुसण्यागणिक कोठडीच्या भिंती थोड्या झिजतात. वर्षानुवर्षं खणात पडून राहिलेल्या पेन ड्राइव्हमधून इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपूनही जातात. तेव्हा आजोबांच्या एकमेव चित्रफितीची एकमेव प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून निर्धास्त होऊ नये. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे वनड्राइव्हसारख्या ठिकाणी किंवा बहिणीकडे, एवढं पुरे.

लिहिणं संथ असल्यामुळे संगणक एक चलाखी करतो. मजकूर आधी स्वतःच्या वेगवान स्मृतीत घेतो, 'झालं' म्हणून सांगतो आणि मागाहून सावकाश पेन ड्राइव्हवर उतरवत राहतो. पत्र टपालपेटीत पडलं म्हणजे मुक्कामी पोचलं असं नव्हे. हिरवी पट्टी पूर्ण भरली म्हणून पेन ड्राइव्ह उपटला आणि फाइल अर्धवटच मिळाली, असं होतं ते यामुळे. विंडोजने २०१८ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी ही उधारी बंद ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे तिथे धोका बराच कमी झालाय. मॅक आणि लिनक्सवर तो कायम आहे. 'इजेक्ट' करायला पाच सेकंदं लागतात. ती द्यावीत. फाइल उघडी ठेवून पेन ड्राइव्ह ओढणं तर कुठल्याच संगणकावर क्षम्य नाही.

हजार छोट्या फोटोंना एका मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यातही बिघाड नाही. प्रत्येक फाइलची पेन ड्राइव्हच्या नोंदवहीत वेगळी नोंद करावी लागते. सगळ्यांची मिळून एक झिप फाइल केली तर गाडी पळते.

लग्नाचा व्हिडिओ मात्र वेगळ्या कारणाने अडतो. स्टुडिओवाले हल्ली नक्षीदार लाकडी डबीत पेन ड्राइव्ह देतात, पण कधी आपल्यालाच तो व्हिडिओ मामाच्या जुन्या पेन ड्राइव्हवर टाकायचा असतो. ३२ जीबी रिकामे आहेत, व्हिडिओ ६ जीबीचा आहे, तरी संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे. चूक जागेची नसून वहीची असते. पेन ड्राइव्हवर कोणती फाइल कुठून सुरू होते आणि केवढी आहे, याची नोंदवही असते. फॅट-३२ नावाची जुनी पद्धत फाइलच्या आकारासाठी ३२ घरं ठेवते आणि प्रत्येक घरात फक्त शून्य किंवा एक. अर्जावर नावासाठी मोजकेच चौकोन दिलेले असतात, तसं. त्या घरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठ्या फाइलचा आकार लिहिताच येत नाही. उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करणे. ती विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता-लिहिता येते. एनटीएफएस पद्धतीचा पेन ड्राइव्ह मॅक नुसता वाचतो, त्यावर लिहीत नाही. गाडीतल्या जुन्या स्टिरिओला मात्र फॅट-३२ शिवाय काही समजत नाही, तेव्हा गाण्यांचा पेन ड्राइव्ह आहे तसाच राहू द्यावा. आणि फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, हे मी मामालाही दोनदा सांगितलं होतं.

नवा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावल्यावर ५९ च्या आसपास आकडा दिसतो, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे जास्त. माप तेच, शेर वेगळा. खरी फसवणूक दुसरी असते. चारशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह मिळत असेल तर तो नाहीच. आतल्या नियंत्रकाला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं सगळं हवेत जातं किंवा आधीच्या मजकुरावर लिहिलं जातं. फाइलींची नावं यादीत दिसत राहतात, म्हणून फसल्याचं महिन्यांनी कळतं. पूर्ण भरून परत वाचून तपासणारे एचटूटेस्टडब्ल्यूसारखे फुकट प्रोग्राम आहेत. नव्या पेन ड्राइव्हवर एकदा चालवावेत.

झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हबद्दलही सांगायला हवं. तिथल्या संगणकाला दिवसभरात कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागतात. आपल्याकडे 'शॉर्टकट व्हायरस' प्रसिद्ध आहे: तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्याच नावाच्या चिठ्ठ्या मांडून ठेवतो. आपण चिठ्ठीवर क्लिक केलं की आपल्या संगणकात शिरतो. म्हणजे बाईंनी चुकून केलं तेच हा मुद्दाम करतो. शॉर्टकटने यापेक्षा मोठा पराक्रमही केलेला आहे. इराणमधल्या नतांझच्या युरेनियम प्रकल्पातली यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट तिच्यापर्यंत पोचला. त्याच्या भात्यात पेन ड्राइव्हही होता आणि विंडोजमधली एक खोटही: शॉर्टकटचं चित्र नुसतं खिडकीत दिसलं तरी आतला प्रोग्राम सुरू व्हायचा, क्लिकचीसुद्धा गरज नव्हती. ती खोट पुढे बुजवली गेली. आपली गरज एवढ्या उंचीची नाही. छपाईसाठी फक्त पीडीएफ असलेला वेगळा, छोटा पेन ड्राइव्ह ठेवावा, परत आणल्यावर तपासावा, आणि फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर न उघडता 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगून खरे फोल्डर शोधावेत. फाइली बहुधा तिथेच असतात.

संध्याकाळी मी आणि बाईंनी पेन ड्राइव्हवर तारखेचा एक फोल्डर केला. त्यात मूळ वर्डची फाइल, तिची पीडीएफ आणि वेगळे फोटो. पीडीएफ एवढ्यासाठी की डीटीपीवाला श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतो आणि बाईंनी युनिकोडमध्ये टाइप केलंय. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं मोडतात, तेव्हा मूळ कसं होतं हे समोर असलेलं बरं. जुन्या फॉन्टमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांनी साठवलेला असतो. म्हणूनच शाळेच्या अमृतमहोत्सवाची फाइल बाईंच्या नव्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा शुभेच्छांच्या जागी स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हं नाचत होती.

मग इजेक्ट करून पेन ड्राइव्ह खाली माझ्या जुन्या संगणकाला लावला. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीच शेवटचं पान उघडायला लावलं, पहिलं नव्हे. तुम्हीही घराबाहेर पडण्याआधी एवढं करा: पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा आकार बघा, ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडा आणि शेवटचं पान वाचा.